वाऱ्याने नेले तर

आमच्या व्याह्यांना भेटून परत येणारा माणूस गेला होता त्याहून थोडा कमी शहाणा होऊन येतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. ते कुणाला मुद्दाम घोळात घेत नाहीत. त्यांच्या डोक्यात सगळे लख्ख असते. घोळ होतो तो आपल्या डोक्यात, आणि तोही ते उठून गेल्यावर. मी राहतो बावधनला, ते राहतात पिरंगुटच्या पुढे, मुळशीच्या रस्त्याला आत एका वाडीवर. लेकीचे लग्न ठरवायला आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा त्यांनी फोनवर रस्ता सांगितला होता, "पिरंगुटचा बाजार मागं टाकायचा, म्होरं चिंच लागंल तितं वळायचं, मंग म्हादूचा गोठा डाव्या अंगाला ठिवून सरळ वर." आम्ही बाजार मागे टाकला, पण चिंच काही लागेना. पौडपर्यंत जाऊन परत फिरलो, पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. शेवटी कळले की चिंच रस्ता रुंद झाला तेव्हाच तोडली होती, म्हादू केव्हाच वारला होता आणि त्याच्या गोठ्याच्या जागी रंगाच्या डब्यांचे गोदाम उभे होते. जेवणे निवून गेल्यावर पोचलो आणि मी जरा कुरकुरलो, तेव्हा व्याही निर्मळ चेहऱ्याने म्हणाले, "पर चिंच तितंच व्हती की, पाव्हणं. गावात कुणालाबी इचारा." मोबाइलवरच्या नकाशातून बोलणाऱ्या बाईवर त्यांचा अजिबात विश्वास नाही. "ह्या बयेला कुणाची वळख न्हाई. निस्तं दोनशे मीटर, दोनशे मीटर करतीया," असे ते म्हणतात, आणि माझी खात्री आहे की तिने जर एकदा म्हादूचे नाव घेतले असते तर त्यांनी तिला घरी जेवायला बोलावले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे हा गृहस्थ कुठेही रिकाम्या हाताने जात नाही. पाहुण्यांकडे जाताना सगळेच काहीतरी नेतात; हे दाताच्या डॉक्टरकडे इंद्रायणी तांदूळ घेऊन जातात. गुडघ्याचा फोटो काढायला गेले तर यंत्र चालवणाऱ्या मुलीसाठी वालाच्या शेंगा. एकदा चांदणी चौकात उलट्या बाजूने स्कूटर आणली म्हणून हवालदाराने अडवले, तर तो तोंड उघडायच्या आत यांनी त्याच्या हातात दोन काकड्या ठेवल्या. ही लाच आहे की भेट आहे की वेडसरपणा आहे, हे त्या बिचाऱ्याला ठरवता येईना. दंड त्याने घेतलाच, पण काकड्या परत करायचे त्याला सुचले नाही. आणि जसे न्यायचे तसेच आलेले भांडे परत धाडायचे. आमच्याकडून चकलीचा डबा गेला की तो रिकामा परत येत नाही. कधी त्यात नाचणीचे पीठ येते, कधी अळूची पाने, एकदा तर गावठी अंडी आली, जी आमच्या घरात कुणी खात नाही. मग अंडी शेजाऱ्यांना देऊन आम्ही डब्यात लाडू भरले. लग्नापासून तो डबा बावधन आणि वाडी यांच्यामध्ये फिरतोच आहे. तो मुळात कुणाचा, हे आता दोन्ही घरांत कुणालाच आठवत नाही.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचे नाही, हे व्याह्यांचे आणखी एक तत्त्व, आणि ते नेमके त्यांच्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत आडवे आले होते. या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. आई लवकर गेल्यावर तिनेच यांना कडेवर घेऊन वाढवले. लग्न होऊन ती कासारसाईला गेली, पण दर दिवाळीला हे तिला न्यायला जात आणि ती आल्याशिवाय घरात करंजी तळली जात नसे. आणि हे सगळे बिनसले ते माझ्या लेकीच्या लग्नात. वराकडची थोरली आत्या म्हणून आक्काला मानाची हिरवी साडी द्यायची होती. आहेराच्या गर्दीत ती साडी गेली भलत्याच बाईकडे आणि आक्काच्या हातात आली वाटपातली, ढिगामधली. तिने भावाला विचारले, "माज्या मानाची साडी कुणाच्या अंगावर हाय?" व्याही तेव्हा स्वतःच माइक धरून आहेराची नावे पुकारत होते. त्यांनी गडबडीत म्हटले, "साडी काय गं, अंगावर पडली म्हंजी झालं!" माइक चालू होता. सगळ्या लॉनने ते ऐकले आणि चारदोन माणसे हसली. आक्का पंगतीतून उठली, चपला घातल्या आणि न जेवता निघून गेली.

तेव्हापासून ती म्हणे, त्याने न्यायला यावे. हे म्हणत, तिने बोलवावे. मधे जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. विहीणबाईंनी सांगून पाहिले, जावयाने सांगून पाहिले, मीही एकदा हळूच विषय काढला. "बगू की," असे ते म्हणाले. आमच्या व्याह्यांचे "बगू की" म्हणजे बोलणे संपले, एवढे मला तोवर कळू लागले होते. पण दिवाळी जवळ आली की ते अंगणात खुर्ची टाकून उत्तरेच्या डोंगराकडे तोंड करून बसत. डोंगराच्या पलीकडे कासारसाई.

अशात आमच्या लेकीने सासऱ्यांना वाढदिवसाची भेट दिली. वाढदिवस अर्थातच एक जूनला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वाडीतल्या सगळ्याच पोरांना तीच तारीख टाकली होती. त्या दिवशी वाडीत निम्मे पुरुष एकमेकांना शुभेच्छा देत हिंडत असतात आणि खरा जन्म कुणाचाच झालेला नसतो. लेकीने एक रंगीत पाकीट त्यांच्या हातात ठेवले. आत मोठ्या फुग्याचे चित्र होते. "आण्णा, तुम्ही सगळ्यांना कायकाय देता, तुम्हाला कुणीच काही देत नाही. म्हणून हे," ती म्हणाली. आण्णांनी चित्र उलटसुलट पाहिले आणि गंभीरपणे विचारले, "गोठ्यात मावंल का?" फुगा आपल्याला मिळाला असून तो आता घरी ठेवायचा आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. तो ठेवायचा नसून त्यात एकदाच बसायचे असते, खाली बांधलेल्या टोपलीत उभे राहायचे असते, वरती जाळ पेटवला की तो आभाळात जातो, आणि पावसाळा संपल्यावर थंडीतच तो उडतो, हे तिने समजावून सांगितले. व्याह्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला, "आन उतरायचं कुणाकडं?"

"तसं काही ठरलेलं नसतं, आण्णा. वारा नेईल तिकडे."

पुढ्यातल्या चहावर साय धरली तरी व्याह्यांनी कप उचलला नाही. मला वाटले घाबरले. पण मी निघताना ते गाडीपर्यंत आले आणि खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "पाव्हणं, रस्त्यानं गेलो म्हंजी मी गेलो. पर वाऱ्यानंच नेलं, तर त्यात माजा काय गुन्हा?" हे मला समजायला चांदणी चौक यावा लागला. चौकात सिग्नलला थांबलो असताना लख्खकन प्रकाश पडला, की हा माणूस फुग्यात बसून आपोआप आक्काच्या वावरात उतरण्याचा विचार करतो आहे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या तरी मी तसाच बसून होतो.

त्यानंतरचे पाच-सहा महिने आमच्या व्याह्यांनी वाऱ्याच्या अभ्यासात घालवले. अंगणात बांबू रोवून त्याला चिंधी बांधली. रोज पहाटे देवापुढची उदबत्ती ते अंगणात आणत, धूर कुठे जातो ते पाहत आणि मला फोन करत. पहिल्यांदा त्या वेळी फोन वाजला तेव्हा कुणी गेले की काय म्हणून मी धडपडत उठलो, तर पलीकडून, "पाव्हणं, आज धूर कासारसाईला चाललाय." पुढे रोजच वार्तापत्र सुरू झाले. एखाद्या दिवशी, "आज धूर तुमच्याकडं येतुया, खिडकी उगडी ठिवा," असेही येई. उदबत्तीचा धूर आणि माणसांचा फुगा यांचा किती संबंध असतो, हे मला माहीत नव्हते; पण नाही म्हणावे तर तेवढा माझा अभ्यास नव्हता. विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणत, "अवं, इश्टीनं जावा की! तिकीट काडलं की दारात." त्यावर हे म्हणत, "इश्टीला डायवर आस्तो. त्यो मला नेत न्हाई, मी त्याला नेतो." या वाक्याचा अर्थ मी अजून लावतो आहे. दिवाळी आली आणि गेली. भाऊबीजेला ते गेले नाहीत. "आता कशाला? वारं हाय की," म्हणाले. मात्र पुण्याला जाऊन त्यांनी एक साडी आणली, हिरवी, लाल काठाची, लग्नात हरवली तशीच.

अखेर थंडीतल्या एका सकाळी पौडच्या पुढच्या माळावर आम्ही उभे राहिलो. पाकिटात दोन माणसांची सोय होती, पण विहीणबाईंनी "मला खालीच लई कामं हायेत" असे सांगून अंग काढून घेतले आणि त्यांच्या जागी माझी वर्णी लागली. मला उंचीची भीती वाटते, हे विचारायचे कुणाच्या लक्षात आले नाही. व्याही पांढरा सदरा, कडक टोपी आणि काखेत फुगलेली पिशवी अशा थाटात आले. पिशवीत नारळ, पेढे, तांदूळ आणि ती साडी. फुगा चालवणारा तरुण राजस्थानकडचा होता. पिशवीकडे पाहून तो म्हणाला, "बाबूजी, इतना सामान? वज़न देखना पड़ता है." व्याह्यांनी काळजीने मला विचारले, "कमी हाय म्हनतुया का?" मग त्याच्याकडे वळून त्यांनी आपल्या ठेवणीतल्या हिंदीत विचारले, "हम किसके घर उतरेगा?"

"जिधर हवा ले जाए, बाबूजी."

"व्हय, पन हवा किसके घर जाती है?"

त्या तरुणाने माझ्याकडे पाहिले. मी आभाळाकडे पाहिले. टोपली वेताची आहे हे पाहून मात्र व्याह्यांचा जीव भांड्यात पडला. "ही तर पाटी हाय! मंग रिकामी कशी न्यायाची?" असे म्हणून त्यांनी पिशवी आधी आत ठेवली आणि मागून स्वतः चढले.

जमीन खाली गेली ते मला कळलेच नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा व्याही बोट चाटून वर धरत होते आणि बावचळून इकडेतिकडे पाहत होते. "पाव्हणं, वारं कुटं हाय?" खरेच, वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नव्हती. वाऱ्याबरोबरच आपण चाललो की वारा लागत नाही, हे त्या तरुणाने समजावले. पण पाच-सहा महिने वाऱ्याची वाट पाहिलेल्या माणसाला ते कसे पटावे? त्यांनी खिशातून उदबत्ती आणि काडेपेटी काढली. तो तरुण असा किंचाळला की माझे उरलेले धैर्यही गेले. व्याही मनापासून चकित झाले. डोक्यावर भडभडणाऱ्या जाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचा येवडा जाळ चालतुया, आन माजी उदबत्ती न्हाई?"

मग त्यांनी खाली पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. सगळ्या मुलखाला रस्ता सांगणारा हा माणूस, पण वरून त्यांना काहीच ओळखू येईना. तोडलेली चिंच वरून दिसत नव्हती, म्हादूचा गोठा दिसत नव्हता. दिसत होती ती कुंपणे, बंगल्यांची लाल छपरे आणि निळे पोहायचे हौद. "हे आपलंच हाय न्हवं?" त्यांनी विचारले. मग दूर डोंगरापल्याड पाणी चकाकले. कासारसाईचे धरण. ते पाणी उजव्या हाताला होते आणि हळूहळू मागे पडत होते. व्याही कठडा धरून त्याच्याकडे बघत राहिले. "दादा, जरा उजव्या अंगाला घ्या की," ते त्या तरुणाला अगदी मऊ आवाजात म्हणाले. तो म्हणाला, उधर की हवा नहीं है. त्यांनी वाद घातला नाही. खाली वाकून पिशवीतली साडी तेवढी काढून छातीशी धरली आणि म्हणाले, "लांब चाललो, पाव्हणं." मला त्या वेळी उंचीची भीती वाटायची थांबली. त्या माणसाचे फार वाईट वाटत होते.

उतरलो ते भात काढून मोकळ्या झालेल्या एका खाचरात. टोपली दोन गचके खाऊन थांबली. बांधावरून माणसे धावत आली, मोबाइल वर झाले, आणि सगळ्यांच्या पुढे एक बाई पदर खोचून उभी राहिली. फुगा काय, जाळ काय, याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. तिने आमच्या मुलखातला पहिला प्रश्न विचारला, "कुणाकडं आलाय?"

व्याह्यांना या प्रश्नाचे उत्तर नाही असे जन्मात कधी झाले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फुग्याकडे पाहिले, हातातल्या साडीकडे पाहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडंच."

"मंग च्या घेऊन जावा," ती म्हणाली, जणू रोज कुणीतरी आभाळातून तिच्याकडे चहाला येते. ओट्यावर चहा झाला. व्याह्यांनी तिच्या हातात नारळ ठेवला, पेढे ठेवले, तांदूळ ठेवले आणि शेवटी ती हिरवी साडी ठेवली. बाई गोंधळून म्हणाली, "ही मला कशापायी?" "बहिणीसाठी घेतली व्हती. तुमच्या दारात उतरलो. आता माघारी न्यायाची न्हाई." मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, अहो व्याही, फुग्यामागून आलेली जीप उभी आहे, आपण अस्से कासारसाईला जाऊ. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काहीतरी वेडेवाकडे बोललो होतो. "रस्त्यानं?" एवढेच ते म्हणाले. निघताना त्या बाईने वेताच्या टोपलीत दोन भोपळे आणि शेंगांचे गाठोडे ठेवले. पाटी रिकामी जात नसते, हे त्या राजस्थानी तरुणाला कुणी समजावून सांगितले नाही. तो भोपळ्यांकडे बघत नुसता मान हलवत होता.

कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ मुळशीभर फिरला आणि नातसुनेच्या मोबाइलवरून आक्कापर्यंत पोचला. पुढच्या रविवारी आम्ही व्याह्यांकडे जेवायला गेलो होतो. जेवायला बसलो असताना अंगणात रिक्षा थांबली आणि काखेत पिशवी मारून एक वाकलेली म्हातारी उतरली. मी आक्काला लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

"कुटं हाय त्यो आभाळातला?" ती अंगणातूनच ओरडली.

विहीणबाई धावल्या. "वन्सं, आत या आदी."

"आत न्हाई येत. बोलवलंय का मला कुणी?"

व्याही उष्ट्या हातानेच बाहेर आले. त्यांना पाहून तिचा आवाज आणखी चढला. "लगनात माजी साडी दुसरीच्या अंगावर. म्हनलं, गडबडीत चुकलं आसंल. आता आभाळातनं साडी आनली, ती बी दुसरीच्याच अंगावर! म्या काय कमी केलं व्हतं रं तुजं?"

"आक्का, तुज्याकडंच निगालो व्हतो. वारं फिरलं."

"वारं? आरं, आन रस्ता काय वाहून गेला व्हता?"

नेहमी व्याह्यांपाशी एखादे असे उत्तर असते की ज्याने समोरचा दिवसभर गोंधळात पडतो. त्या दिवशी ते सापडले नाही. "माजं चुकलं, आक्का," ते म्हणाले. मांडीला मांडी लावून बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात म्हणाले. माइकवर बोललेले चारदोन शब्द परत घ्यायला इतकी वर्षे गेली होती.

आक्काने काखेतली पिशवी उघडली आणि आतून स्टीलचा डबा काढला. भांडायला निघालेली ही बाईसुद्धा रिकाम्या हाताने आली नव्हती. डब्यात करंज्या होत्या. "दिवाळीच्या हायेत. दर साली ठिवते तुज्या वाटनीच्या. खवाट झाल्या आसतील. खा आता." व्याह्यांनी तिथेच अंगणात उभ्या उभ्या एक करंजी तोंडात घातली. ती खवट होती हे मला चार हातांवर वास आला त्यावरून कळले. "ग्वाड हाय," ते म्हणाले आणि डोळे पुसत दुसरी उचलली. विहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आक्का उंबरा ओलांडून आत आली.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा करंज्या ताटात काढलेल्या होत्या आणि व्याही रिकामा डबा हातात घेऊन घरभर फिरत होते. तांदूळ? तिच्याकडे आहेत. शेंगा? कडेला शेंगाच होत्या, पण त्या खाचरातल्या बाईने दिलेल्या. काहीच त्यांच्या मनास येईना. कोठीत गेले, परसात गेले, परत आले. आक्का रिक्षात बसून हे सगळे बघत होती. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे डबा हितंच. तुला सुचंल तवा भरून आन. आन रस्त्यानं ये."

ते गेले, रस्त्यानेच गेले. नवी साडी घेऊन गेले, आणि माझ्याकडे फोन करून विचारले, "कासारसाईचा रस्ता कसा हाय वो आता? लई दिसांत गेलो न्हाई." जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला रस्ता विचारला आणि मीही जसा येईल तसा सांगितला. आता तो डबाही फिरतो आहे, आमच्या डब्यासारखा, कधी भरून इकडे, कधी भरून तिकडे. आक्का थकली आहे. चालताना विहीणबाईंचा खांदा धरते. डबा पोचवायला व्याहीच जास्त जातात आणि आले की पुन्हा काहीतरी भरायला लागतात, जणू तो रिकामा राहिला तर काहीतरी तुटेल.

परवा सकाळी मी वाडीवर होतो. अंगणातल्या बांबूवर चिंधी अजून आहे, उन्हाने पांढरी पडलेली. दोघे चहा पीत बसलो असताना डोंगरावरून एक फुगा हळूहळू जाताना दिसला. टोपलीतली माणसे इतक्या लांबून ठिपक्यांएवढी दिसत होती, आणि त्यातले कुणीतरी हात हलवत होते. व्याह्यांनी कपाळावर हाताची सावली धरून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग शेजारी ठेवलेला डबा जवळ ओढून घेत म्हणाले, "बिचारी मान्सं. कुणाकडं चाललीत, त्यांचं त्यांनाच ठावं न्हाई."